भाडे न देणारे बिऱ्हाडकरू

शहरातील घर कोठे सुरू होते आणि कोठे संपते, याचे उत्तर खरेदीखतात एक असते आणि झुरळाच्या लेखी दुसरे. खरेदीखतात वा भाडेकरारात घराच्या चतुःसीमा लिहिलेल्या असतात: पूर्वेस जिना, पश्चिमेस दुसऱ्याचा गाळा, उत्तरेस मोकळी हवा. मालकी वा ताबा त्या सीमांपाशी संपतो. परंतु ज्या भिंतीपाशी तो संपतो तिच्यातूनच पाण्याचा नळ जातो, विजेची तार जाते, मोरीचा पाइप खाली उतरतो. आणि त्या प्रत्येकाभोवती गवंड्याने बोटभर जागा मोकळी सोडलेली असते. त्या जागेतून ये-जा करणाऱ्यांना चतुःसीमा वाचता येत नाहीत. जुनी चाळ असो, सरकारी वसाहत असो की पंधरा मजल्यांची नवी सोसायटी असो, ढेकूण, झुरळे आणि उंदीर यांच्या दृष्टीने ती सर्व मिळून एकच वास्तू होय. आपण मात्र त्यांच्याशी झगडतो ते आपापल्या उंबरठ्याच्या आत. आजच्या भाषणात मला जे सांगावयाचे आहे ते मुख्यतः या विसंगतीविषयी.

ही विसंगती मुंबई शहराने फार मोठी किंमत देऊन अनुभवली आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठीच्या प्लेगचे निदान केले. मांडवी म्हणजे धान्याच्या वखारींचा भाग. खाली पोती, वर माणसे, आणि माळ्यावर व कौलांखाली काळा उंदीर, अशी तेथील घरांची रचना होती. रोगाचे मूळ घाणीतून उठणाऱ्या दूषित हवेत आणि जमिनीत आहे, ही समजूत त्या काळी प्रबळ होती. म्हणून गटारांतून खारे पाणी आणि कार्बॉलिक आम्ल सोडण्यात आले, भिंतींना चुना फासला, कौले उतरवून खोल्यांत ऊन पाडले आणि राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर ‘यू. एच. एच.’ ही तीन अक्षरे रंगवली गेली. हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण या धुलाईने हुसकावलेले उंदीर बाजूच्या घरांत शिरले आणि त्यांच्या अंगावरील पिसवाही त्यांच्याबरोबर गेल्या, असे पुढील काळातील इतिहासकारांचे मत आहे. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने १८९८ च्या जूनमध्ये कराची येथे पिसवेचा हा दुवा प्रयोगाने दाखवून दिला, तरी विद्वानांना तो पटण्यास बरीच वर्षे लागली. १९०५ मध्ये नेमलेल्या प्लेग संशोधन आयोगाने परळच्या प्रयोगशाळेतून काम करताना, प्लेगमुळे ओस पडलेल्या खोल्यांत गिनीपिगांचे पिंजरे ठेवून पाहिले. पिसवा ज्यांच्यापर्यंत पोचू शकल्या नाहीत ते प्राणी वाचले. तोपर्यंत रोग देशभर पसरून चुकला होता. एका घरातून उपद्रव हाकलणे म्हणजे तो शेजाऱ्याकडे पाठवणे, हा त्या वेळचा अनुभव आजही जसाच्या तसा लागू पडतो. प्राणी तेवढे बदलले आहेत.

प्रथम झुरळांकडे वळू, कारण फवारणीचा सर्वांत अधिक खर्च त्यांच्यापायी होतो. आपल्या इमारतींत दोन जातींची झुरळे विशेष आढळतात. मोठे, तांबूस, कधीकधी उडणारे झुरळ गटारात वाढते आणि मोरीच्या जाळीतून वर येते. दुसरे बारीक, फिकट पिंगट, मानेमागे दोन काळसर रेघा असलेले. ते स्वयंपाकघर सोडून फारसे कोठे जात नाही आणि खरी डोकेदुखी तेच होय. त्याला जर्मन झुरळ म्हणतात. लिनियस या शास्त्रज्ञाने १७६७ साली हे नाव दिले. पण २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात १७ देशांतील २८१ झुरळांची जनुकीय तपासणी झाली, तेव्हा या प्राण्याचे मूळ सुमारे २१०० वर्षांपूर्वीच्या भारतात वा म्यानमारात निघाले. तेथून व्यापाराच्या वाटांनी ते पश्चिमेला गेले. म्हणजे ज्याला आपण परदेशी पाहुणा समजत होतो तो आपल्याच गावचा निघाला! या जातीची मादी ३०-४० अंड्यांची कुपी, पिले बाहेर पडण्याची वेळ येईपर्यंत, स्वतःच्या शरीराला चिकटवून वागवते. त्यामुळे तिला पळून जाण्यास वाव मिळाला तर ती एकटी जात नाही, पुढची पिढी घेऊन जाते.

आणि पळून जाण्यास वाव आपणच देतो. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक फवाऱ्यांतील औषध झुरळांना मारते तसे दूरही पिटाळते. फवारा ओट्याखाली मारला की समोरची दहा-वीस मरतात, आपल्याला समाधान वाटते, आणि आतील फटींत दडलेली पाइपाच्या वाटेने वरच्या वा खालच्या मजल्यावर जातात. पंधरा दिवसांनी वरचे बिऱ्हाड फवारते आणि ती परत येतात. नोकरीमुळे मला वेगवेगळ्या शहरांतील सरकारी वसाहतींत राहण्याचा योग आला. तेथे नोंदवहीत ज्याची तक्रार असेल त्याच्याच घरी फवारणी करावयाची, ही रीत मी जवळपास सर्वत्र पाहिली. कार्यालयीन दृष्टीने ती निर्दोष आहे. तक्रार निकालात निघते, नोंदवहीत सही होते आणि पुढच्या महिन्यात तोच क्रमांक नव्या तारखेसह पुन्हा लिहिला जातो.

याच्या उलट, ज्याला पेस्ट कंट्रोलची माणसे ‘जेल’ म्हणतात ते मलमासारखे आमिष अधिक शहाणपणाने काम करते. त्याचे मोहरीएवढे ठिपके बिजागऱ्यांत, ओट्याच्या कोपऱ्यांत, शीतकपाटाच्या मागे लावतात. झुरळ ते खाते, आपल्या बिळात जाऊन मरते, आणि त्याची विष्ठा व कलेवर खाऊन इतरही मरतात. मात्र जेथे जेल लावले तेथे त्याच आठवड्यात फवारा मारू नये. आमिषाला औषधाचा वास लागला की झुरळ त्याला तोंड लावत नाही. काही झुरळांच्या पिढ्यांनी तर गोड आमिष नाकारण्याचाही गुण मिळवला आहे. ग्लुकोज टाळणारी झुरळे १९९० च्या दशकाच्या आरंभीच अमेरिकेत आढळली होती. म्हणून आमिषही मधूनमधून बदलावे लागते.

ढेकणाची गोष्ट निराळी. तो केवळ रक्तावर जगतो. पिलापासून पूर्ण वाढीपर्यंत त्याला पाच वेळा कात टाकावी लागते आणि प्रत्येक वेळी आधी रक्त प्यावे लागते. न पिता तो कित्येक महिने तग धरू शकतो, हे बंद घराचे कुलूप उघडून पहिल्याच रात्री जागरण घडलेल्यांना सांगावयास नको. दुसऱ्या महायुद्धानंतर डी. डी. टी. आले आणि ढेकूण आता इतिहासजमा होणार असे वाटू लागले. परंतु १९४७ मध्येच हवाई बेटांत डी. डी. टी. ला न जुमानणारे ढेकूण आढळले. आजच्या पायरेथ्रॉइड वर्गातील औषधांचीही बऱ्याच देशांत तीच गत झाली आहे. अंड्यांवर तर फवाऱ्याचा परिणाम फार थोडा होतो. उबदार हवेत ती सहा ते दहा दिवसांत फुटतात. म्हणून एकदाच केलेली फवारणी म्हणजे अर्धे काम. सुमारे दोन आठवड्यांनी दुसरी, आणि आवश्यक तर तिसरी झालीच पाहिजे. जे ढेकणाला हमखास मारते ते उष्णतामान होय. ५० अंश सेल्सिअसच्या वर गेले की ढेकूण आणि त्याची अंडी दोन्ही टिकत नाहीत. आपल्या आज्या बाज अंगणात टाकून तिच्या सांध्यांत उकळते पाणी ओतीत, त्यामागील शास्त्र हेच. नुसत्या उन्हाने मात्र फसगत होते. ऊन तापले की ढेकूण बाजेच्या सावलीच्या बाजूस सरकतो.

ढेकणाने रोग पसरतो असे आजवर सिद्ध झालेले नाही. तो पसरवतो ती लाज, आणि इमारतीचा घात पुष्कळदा त्या लाजेने होतो. आपल्याकडे ढेकूण झाले हे शेजाऱ्याला सांगणे म्हणजे आपल्या घरच्या स्वच्छतेवर डाग लावून घेणे, असे गृहिणीला वाटते. भाडेकरूला भीती वाटते की मालक घर सोडावयास सांगेल. मालकाला वाटते, बोभाटा झाला तर पुढचा भाडेकरू मिळणार नाही. तिघेही गप्प राहतात. वस्तुतः ढेकणाला घाण लागत नाही, माणूस लागतो. प्रवासातील बिछान्यातून, जुन्या बाजारातून आणलेल्या पलंगातून, वसतिगृहातून सुटीला आलेल्या मुलाच्या ट्रंकेतून तो कोणाच्याही घरी येतो. एका खोलीत ढेकूण सापडला तर दोन्ही बाजूंच्या, समोरच्या, वरच्या आणि खालच्या खोल्या तपासल्याच पाहिजेत. हे लाज धरून होण्यासारखे काम नव्हे.

उंदरांविषयी वेगळे बोलावे लागते, कारण तेथे प्रश्न जिवाचा आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्यानंतरच्या आठवड्यांत मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची जी साथ उद्भवली ती उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून चालत जावे लागल्यामुळे. मुंबईत महानगरपालिका काठी आणि विजेरी घेऊन रात्री उंदीर मारणारी माणसे वर्षानुवर्षे नेमत आली. एका रात्री एका माणसाने ३० उंदीर मारावेत असे लक्ष्य असे. त्यांच्या चिकाटीविषयी आदरच वाटतो. पण ज्या घरगल्लीत ते काम करीत, त्याच गल्लीत वरच्या खिडक्यांतून उरलेले अन्न पडत असे. मादी गाभण राहिल्यापासून तीन आठवड्यांत विते. मारणाऱ्याची काठी या हिशेबाला पुरी पडत नाही. अन्न आणि वाट ही दोन्ही बंद करणे हाच खरा उपाय.

वाट म्हणजे किती? लहानशा घरगुती उंदराला सहा-सात मिलिमीटरची फट पुरते, म्हणजे जेथे पेन्सिल शिरते तेथे तो शिरतो. पाइपांभोवतालची भोके सिमेंटात काचेचे तुकडे मिसळून बुजवण्याची जुनी रीत आजही उत्तम. दारांच्या खालच्या कडेला पत्रा, झरोक्यांना बारीक जाळी, गटाराच्या झाकणांना तडा असेल तर नवी झाकणे, एवढे झाले की विषाची गरज पुष्कळ कमी होते. विष घालावेच लागले तर उंदराचा संशयी स्वभाव ध्यानात ठेवावा. अनोळखी अन्न तो प्रथम चिमूटभर चाखतो. जस्ताच्या फॉस्फाइडसारख्या तत्काळ त्रास देणाऱ्या विषाने तो आजारी पडून वाचला, तर त्या आमिषाला पुन्हा शिवत नाही. म्हणून दोन-तीन दिवस आधी निर्विष पीठ ठेवतात. ब्रोमॅडिओलोनसारखी रक्त गोठू न देणारी विषे उशिरा मारतात, त्यामुळे त्याला संशय येत नाही. ती मुलांच्या आणि पाळीव प्राण्यांच्या हाती लागणार नाहीत अशा बंद पेटीतच ठेवावीत. डासांबाबत एकच गोष्ट सांगून पुढे जातो. अंड्यापासून डास होण्यास आपल्या हवेत सुमारे आठवडा ते दहा दिवस लागतात. तेव्हा गच्चीवरील टाकीला घट्ट झाकण आणि कुंड्यांखालच्या थाळ्या आठवड्यातून एकदा कोरड्या, एवढे केले तरी पुष्कळ झाले. वाळवीचा विषय स्वतंत्र भाषणाचा आहे.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा विषय घेतला ती. ढेकणांवर जालीम उपाय म्हणून धान्याच्या कोठारात वापरावयाच्या गोळ्या राहत्या घरांत ठेवण्याचा प्रकार आपल्या देशात चालतो. या गोळ्या ॲल्युमिनिअम फॉस्फाइडच्या असतात. हवेतील ओलाव्याशी संयोग होताच त्यांतून फॉस्फीन नावाचा वायू निघतो. घरातील माणसे दार लावून दोन दिवस गावाला जातात आणि वायू भिंतीतील त्याच बोटभर फटींतून, वातानुकूलन यंत्राच्या भोकातून, सामाईक डक्टमधून शेजारच्या झोपलेल्या घरात जातो. त्याला लसणासारखा वा कुजलेल्या मासळीसारखा वास असतो, पण तो ओळखणार कोण? पहिली लक्षणे उलटी, पोटदुखी आणि अस्वस्थता ही असल्यामुळे बाहेरचे काही खाण्यात आले असावे अशी समजूत होते. या विषावर उतारा नाही. शेजारच्या घरात कीटकनाशनाचे काम झाले आणि या घरातील मुले दगावली, अशा बातम्या आपल्या मोठ्या शहरांतून पुन्हा पुन्हा आल्या आहेत. ॲल्युमिनिअम फॉस्फाइड सर्वसामान्य नागरिकास विकण्यास आपल्याकडे मुभा नाही. ते शासकीय यंत्रणा किंवा मान्यताप्राप्त कीटकनियंत्रक यांनी तज्ज्ञाच्या देखरेखीखाली वापरावयाचे आहे, आणि लागून वस्ती असलेल्या इमारतीत त्याला मुळीच जागा नाही. श्रोत्यांपैकी जे कोणी सोसायटीचे चिटणीस असतील वा भाड्याच्या मालमत्तेची व्यवस्था पाहत असतील, त्यांनी निदान एवढे करावे: कोणत्याही घरात औषध मारण्यापूर्वी औषधाचे नाव, तारीख व वेळ लेखी कळवल्याशिवाय कामगारास जिना चढू देऊ नये, आणि ती सूचना त्या मजल्यावरील व वरखालच्या प्रत्येक बिऱ्हाडास द्यावी. व्यवसाय म्हणून कीटकनाशनाचे काम करणाऱ्यास १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली परवाना लागतो. तो पाहावयास मागण्यात अपमान नाही. डब्यावर कोनावर उभा केलेला एक चौकोन असतो. त्याचा खालचा अर्धा भाग तांबडा असेल तर औषध अत्यंत विषारी. पिवळा, निळा आणि हिरवा या क्रमाने विषारीपणा उतरत जातो.

मग योग्य रीत कोणती? आधी पाहणी, मग दुरुस्ती, मग औषध. प्रत्येक स्वयंपाकघरात ओट्याखाली एक चिकट कागद दोन रात्री ठेवावा आणि सापडलेली झुरळे मोजून इमारतीच्या नकाशावर आकडे लिहावेत. असे केले की एक गोष्ट बहुधा दिसून येते: आकडे मजल्यावर आडवे पसरत नाहीत, एका पाइपाच्या रेषेत उभे जातात. १०२, २०२, ३०२ या घरांत उपद्रव आणि १०३ स्वच्छ. म्हणजे उपचार त्या उभ्या रांगेवर, एकाच दिवशी, तळापासून गच्चीपर्यंत व्हावयास हवा. गळके नळ दुरुस्त व्हावेत, कारण झुरळाला अन्नापेक्षा पाण्याची गरज अधिक. कचऱ्याचे डबे रात्री जिन्यात राहू नयेत. दोन आठवड्यांनी पुन्हा कागद ठेवून पुन्हा मोजावे. शेतीत ज्याला एकात्मिक कीडनियंत्रण म्हणतात तेच हे.

याचा खर्च कोणी करावयाचा, हा प्रश्न आला की चर्चा तापते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ मध्ये जागा चांगल्या स्थितीत ठेवण्याचे कर्तव्य मालकावर टाकले आहे. नोटीस देऊनही त्याने दुरुस्ती केली नाही तर भाडेकरूने ती करून भाड्यातून वळती करावी, मात्र वर्षाच्या भाड्याच्या एकचतुर्थांशापेक्षा अधिक नाही. दिल्लीतील मराठी बांधवांना १९५८ चा कायदा लागू होतो, तेथे ही मर्यादा एकबारांश आहे. पण भिंतीचे भोक ही दुरुस्ती, आणि त्यातून आलेले झुरळ? २०२१ मध्ये केंद्र सरकारने राज्यांपुढे आदर्श भाडेकरार कायदा ठेवला. त्याच्या परिशिष्टात मालक व भाडेकरू यांची कामे बारकाईने वाटून दिली आहेत. पाइप बदलणे मालकाकडे; गटार साफ करणे, नळाची चकती बदलणे आणि खिडकीची माशांची जाळी बदलणे भाडेकरूकडे. जाळीची आठवण ठेवणाऱ्यांना ढेकणांची आठवण झाली नाही! न्यूयॉर्क शहराने २०१८ मध्ये कायदा करून तीन वा अधिक बिऱ्हाडांच्या इमारतीत वर्षातून एकदा पाहणी करण्याचे आणि उंदीर-झुरळांच्या वाटा बुजवण्याचे काम मालकाचे ठरवले. ढेकणांचा मागील वर्षाचा इतिहास नव्या भाडेकरूस लेखी सांगण्याचे बंधन तर तेथे २०१० पासून आहे. आपल्याकडे तसे काही होईपर्यंत करारात दोन ओळी घालून घेणे प्रत्येकाच्या हाती आहे. अकरा महिन्यांच्या परवान्याने राहणाऱ्याला तर करारात लिहिलेले तेवढेच मिळणार. माझ्या मते पाइप, डक्ट, गटार, जिना आणि फटी यांचा खर्च मालकाने वा सोसायटीने उचलावा, घरातील स्वच्छता व सहकार्य भाडेकरूने द्यावे, आणि ढेकणांचा खर्च कोणावरही दोषारोप न करता सामाईक निधीतून व्हावा. ज्याला खर्चाची भीती उरणार नाही तो वेळेवर सांगेल, आणि पहिल्या महिन्यात सांगितलेला ढेकूण सहाव्या महिन्यातील ढेकणापेक्षा फार स्वस्त पडतो.

हे काम मृग लागण्यापूर्वी, मे महिन्यात उरकावे, कारण पावसाचे पाणी गटारात शिरले की तेथील सारी वस्ती वर चढते. त्या वेळी इमारतीतील बंद घरे विसरू नयेत. मालक परगावी, भाडेकरू नाही, कुलूप लागलेले, अशी दोन-चार घरे हल्ली प्रत्येक इमारतीत असतात. अशा घरात मोरीच्या जाळीखालच्या वाकड्या नळीतील पाणी काही आठवड्यांत आटते. ते पाणी हाच गटार आणि घर यांमधला पडदा. तो गेला की मोठी झुरळे सरळ वर येतात आणि तेथून शेजारी पसरतात. चावी ज्याच्यापाशी असेल त्याने महिन्यातून एकदा दार उघडून प्रत्येक मोरीत, बेसिनमध्ये आणि शौचकूपात दोन तांबे पाणी ओतावे, आणि घर अधिक काळ बंद राहावयाचे असेल तर वर चमचाभर गोडे तेल टाकावे. तेलाच्या थरामुळे पाणी लवकर आटत नाही.